दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम: बावीस वर्षांच्या सिगारेटीनंतरचे दहा आठवडे

सिगारेट सोडण्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारा दोन मिलिग्रॅमचा निकोटीन गम मी गेले दहा आठवडे वापरत आहे. आमच्याकडे सगळे त्याला गोळीच म्हणतात, म्हणून मीही येथे गोळी असेच म्हणेन. कंपनीचे नाव लिहीत नाही, कारण या काळात मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गोळ्या घेतल्या आणि चव सोडली तर त्यांच्यात मला फारसा फरक आढळला नाही. माझे मत आधीच सांगून टाकतो. ही गोळी खरोखर उपयोगी आहे, पण ती घड्याळाकडे पाहून, तलफ येण्याच्या आधी घ्यावी लागते. तलफ आल्यावर शोधाशोध करून तोंडात टाकणाऱ्याला तिचा गुण क्वचितच येईल. हे मला एकदा अपयशी होऊन आणि दुसऱ्या वेळी एकदा पाय घसरून कळले, आणि तेवढ्यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

मी साताऱ्यातील एका पतसंस्थेत हिशेबाचे काम करतो. दिवसाला बारा सिगारेटी, तीही बावीस वर्षे, असा माझा हिशेब होता. चार वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा ही गोळी आणली, तेव्हा दुकानदाराने ती सुपारी-बडीशेपेच्या पुड्यांशेजारच्या बरणीतून काढून दिली आणि कशी घ्यायची याबद्दल एक शब्दही सांगितला नाही. मी ती साध्या च्युइंग गमसारखी कचाकचा चावली. दोन मिनिटांत घसा जळू लागला, उचक्या लागल्या, पोटात ढवळले, आणि ‘आपल्याला हे झेपणारे नाही’ असे ठरवून मी उरलेले पाकीट टेबलाच्या खणात टाकून दिले. त्याच संध्याकाळी मी टपरीवर होतो. मध्ये गेलेली चार वर्षे मला आज फार महाग वाटतात, कारण ती केवळ पाच मिनिटांची माहिती न मिळाल्यामुळे गेली.

या वेळी मी आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो दिवसाला किती ओढता हा नव्हता. सकाळी डोळे उघडल्यापासून पहिली सिगारेट किती वेळात पेटते, हे त्यांना हवे होते. अर्ध्या तासाच्या आत पेटत असेल तर निकोटीनची गरज मोठी मानतात आणि चार मिलिग्रॅमची गोळी सुचवतात. त्यानंतर पेटत असेल तर दोन मिलिग्रॅमची पुरते. आंघोळ आणि चहा झाल्याशिवाय माझी सिगारेट होत नसे, म्हणजे पाऊण तास सहज जात असे, म्हणून मला दोनची सांगितली. आपल्या देशात दोन मिलिग्रॅमची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, चारसाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. चिठ्ठी लागत नसली तरी डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण गोळी घेण्याची पद्धत मला तेथेच समजली.

ती पद्धत अशी. गोळी चौकोनी आणि बाहेरून कडक असते, पहिल्या तीन-चार चावण्यांत तिचा पापुद्रा तडकतो आणि मग ती मऊ होते. अगदी सावकाश, जणू काही विसरल्यासारखे अधूनमधून चावायचे. साधारण आठ-दहा वेळा चावल्यावर जिभेच्या कडेला मिरीसारखा तिखटपणा जाणवतो आणि हिरडीला बारीक झिणझिण्या येतात. त्या क्षणी चावणे थांबवायचे आणि गोळी गाल व हिरडी यांच्यामध्ये सरकवून ठेवायची. झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा दोन-चार वेळा चावायचे आणि या वेळी दुसऱ्या गालात ठेवायचे. असे अर्धा तास चालते. माझे आजोबा तंबाखू-चुना मळून त्याची चिमूट दाढेखाली धरत आणि तासभर बोलत बसत. गोळी गालात धरण्याची ढब मला त्यांच्या आठवणीवरून चटकन जमली. येणारी लाळ लगेच गिळायची नाही, कारण गिळलेले निकोटीन पोटात जळजळ आणि उचक्या यांखेरीज फारसे काही देत नाही. ते रक्तात जायला हवे ते गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून.

याच कारणाने गोळीच्या आधी पंधरा मिनिटे आणि गोळी तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही घ्यायचे नसते. तोंडात आंबटपणा असला की निकोटीन गालातून शोषले जात नाही. कॉफी आणि शीतपेये यांचा उल्लेख पाकिटावर असतो, पण आपल्याकडे त्याहून जास्त वेळा आड येणाऱ्या गोष्टी म्हणजे ताक, लिंबू सरबत आणि कोकम. मी पहिल्या आठवड्यात जेवणाच्या शेवटी ताक पिऊन लगेच गोळी घेत असे आणि दुपारची गोळी निकामी का जाते याचा विचार करत बसे. ताक जेवणाच्या सुरुवातीला घेऊ लागलो आणि जेवणानंतर चूळ भरून वीस मिनिटे थांबू लागलो, तेव्हा दुपार सुधारली.

या गोळीचा जन्म स्वीडनमध्ये झाला आणि त्याची हकिगत मला फार आवडते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस तेथील एका वैद्यकीय संशोधकाच्या लक्षात आले की पाणबुडीत धूम्रपानाला मनाई असल्याने नौसैनिक तेवढ्या काळापुरते तोंडात ठेवण्याच्या तंबाखूकडे वळतात आणि त्यांचे भागते. त्याने ही गोष्ट औषधकंपनीत काम करणाऱ्या ओव्हे फर्नो यांना कळवली, आणि फर्नो यांनी धुराशिवाय व तंबाखूशिवाय केवळ निकोटीन देणारा गम तयार केला. १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्याला मान्यता मिळाली, अमेरिकेत १९८४ मध्ये, आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निकोटीन देणाऱ्या उपचारांचा आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्या ओळखीच्या अनेकांना ही गोळी म्हणजे मुखवासाचा एखादा प्रकार वाटतो. ती औषध आहे आणि तिला औषधासारखेच वागवावे लागते. कर्करोग करणारी विषे धुरात आणि त्यातल्या चिकट डांबरात (टारमध्ये) असतात. निकोटीन सवय जडवते. गोळी सवयीला थोडा थोडा आधार देत धूर काढून घेते, एवढाच तिचा उद्देश आहे.

सिगारेटच्या झुरक्यातील निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. गोळीला तेच काम करायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तेव्हाही तिच्यातून मिळणारी पातळी सिगारेटीपेक्षा कमीच असते. आता तलफेचे गणित पाहा. एक तलफ तीन ते पाच मिनिटे टिकते. तलफ आल्यावर गोळी तोंडात टाकली, तर तिचा परिणाम सुरू होण्याआधी तलफ एक तर निघून गेलेली असते किंवा तिने आपल्याला टपरीवर नेलेले असते. म्हणून डॉक्टरांनी मला पहिल्या सहा आठवड्यांसाठी दर दीड तासाला एक गोळी सांगितली, तलफ असो वा नसो. पाकिटावरही हेच असते: पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, आणि शेवटचे तीन आठवडे दर चार-आठ तासांनी, दिवसाला चोवीसपेक्षा जास्त कधीच नाही. पहिल्या टप्प्यात दिवसाला किमान नऊ घ्याव्यात असेही सांगतात. बहुतेक लोक येथेच काटकसर करतात. ‘जेवढे औषध कमी तेवढे चांगले’ ही आपली शिकवण इतर ठिकाणी बरी असेल, या ठिकाणी ती माणसाला परत सिगारेटीकडे पाठवते.

फेब्रुवारीतील पहिल्या रविवारी मी सिगारेट सोडली. शनिवारी रात्री घरातील लायटर, काड्यापेटी आणि गच्चीवरची थोटकांनी भरलेली कुंडी टाकून दिली, आणि खिशातल्या छोट्या वहीत गोळ्यांच्या वेळा लिहिल्या: साडेसात, नऊ, साडेदहा, बारा, याप्रमाणे. पहिला दिवस उत्साहात गेला. दुसरा आणि तिसरा दिवस मात्र कठीण होते. निकोटीन सुटल्याचा त्रास याच दिवसांत सर्वांत जास्त असतो, हे मला आधी सांगून ठेवलेले होते म्हणूनच मी ते काढू शकलो. मंगळवारी दुपारी एका खातेदाराच्या पासबुकावरील चार ओळी मी तीनदा वाचल्या आणि त्या डोक्यात शिरल्या नाहीत. हातांचे काय करावे हे कळत नव्हते. गोळी होती, तिच्यामुळे डोके फुटायचे वाचले, परंतु हाताला आणि ओठांना काहीतरी हवे असते ते गोळी देत नाही, हेही त्याच दिवशी कळले. पत्नीने डब्यात गाजराचे लांब तुकडे द्यायला सुरुवात केली. ऐकायला साधे वाटेल, पण बोटांत धरण्याजोगी ती वस्तू मला त्या आठवड्यात गोळीइतकीच उपयोगी पडली.

चहाबद्दल एक गोष्ट कोणीच सांगत नाही आणि ती प्रत्येक मराठी माणसाला माहीत असायला हवी. चौथ्या-पाचव्या दिवसापासून माझी छाती धडधडू लागली, हात किंचित थरथरू लागले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत झोप येईना. मी हे सारे सिगारेट सोडल्याचा त्रास समजत होतो. डॉक्टरांनी विचारले, चहा किती घेता? सहा कप, नेहमीप्रमाणे. त्यांनी समजावून सांगितले की धुरातील काही घटकांमुळे ओढणाऱ्याच्या यकृतात कॅफीनचा निचरा फार वेगाने होतो. सिगारेट थांबली की काही दिवसांत हा वेग उतरतो आणि तेवढ्याच चहातून रक्तातील कॅफीन जवळजवळ दुप्पट होऊ शकते. हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नव्हे, त्यामुळे गोळी घेतल्याने तो टळत नाही. मी सहाचे तीन कप केले. दोन दिवसांत झोप लागू लागली. सिगारेट सोडल्यावर ‘जीव कासावीस होतो’ म्हणून परत ओढू लागलेल्या कितीजणांचा जीव प्रत्यक्षात चहाने कासावीस झाला असेल, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

टपरीचा प्रश्न त्याहून अवघड होता. अकराचा चहा आणि सिगारेट हे माझ्यासाठी एकच नाव होते, आणि तेथे उभे राहणारे चौघे वीस वर्षांचे मित्र आहेत. तेथे जाणे सोडले तर मित्र सुटतात, गेलो तर धूर. मी पहिले तीन आठवडे गेलो नाही आणि त्यांना कारण स्पष्ट सांगितले. टपरीवाल्याने मात्र मन जिंकले. चौथ्या आठवड्यात गेलो तेव्हा त्याने काही न विचारता कटिंग पुढे केली आणि म्हणाला, ‘साहेब, इकडच्या बाजूला उभे राहा, वारा तिकडे वाहतोय.’

गोळीच्या जोडीला मी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा आधार घेतला, आणि या परीक्षणात तिचा समावेश न करणे अन्यायाचे होईल. १८००-११-२३५६ हा तो निःशुल्क क्रमांक. २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ही सेवा सुरू झाली, आणि २०१८ मध्ये मुंबईचे टाटा मेमोरियल, बंगळुरूचे निम्हान्स आणि गुवाहाटीचे बरुआ कर्करोग रुग्णालय यांच्या जोडीने तिचा विस्तार झाला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून हा क्रमांक प्रत्येक सिगारेट-पाकिटावर छापलेला असतो. मी तो कितीतरी वर्षे रोज हातात धरत होतो आणि कधी वाचला नव्हता. सोमवार वगळता सकाळी ८ ते रात्री ८ या वेळात तेथे माणूस फोन उचलतो, आणि मराठीत बोलता येते.

पहिल्या फोनवर समुपदेशक बाईंनी उपदेश केला नाही याचे मला आश्चर्य वाटले. सर, तुम्हाला का सोडायची आहे, एवढेच त्यांनी विचारले. मी ठरीव उत्तर दिले, तब्येतीसाठी. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तब्येतीचे कारण सगळ्यांचेच असते. तुमचे स्वतःचे सांगा.’ मग मी सांगितले की माझी धाकटी मुलगी शाळेतून आल्यावर माझ्याजवळ बसत नाही, आईजवळ बसते, आणि विचारले तर म्हणते, बाबांच्या शर्टाला वास येतो. त्यांनी मला हेच वाक्य गोळ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावले. त्यानंतर ठरलेल्या दिवशी त्यांच्याकडूनच फोन येत राहिले. पहिल्या आठवड्यांत उत्साह टिकवण्यासाठी मी जे काही केले त्यात या वाक्याएवढे काहीच टिकले नाही. पैशांचा हिशेब, आयुष्य किती वर्षांनी वाढते याचे आकडे, हे सारे तिसऱ्या दिवसानंतर फिके पडते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काही गोष्टी होतात त्यांची पूर्वकल्पना असावी. बद्धकोष्ठ होते, तोंड येते, खोकला कमी होण्याऐवजी काही दिवस वाढतो, आणि राग नाकावर असतो. मी एकदा भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवले, जे मी उभ्या आयुष्यात केले नव्हते. पत्नी शांतपणे म्हणाली, ‘अहो, साडेआठची गोळी घेतली का?’ घेतली नव्हती. घरच्यांना गोळीच्या वेळा सांगून ठेवाव्यात असे मी म्हणतो ते यामुळे.

आता घसरलो ते सांगतो. चौथ्या आठवड्याच्या शेवटी कराडला मावसभावाच्या मुलाचे लग्न होते. नवा झब्बा घातला आणि गोळ्यांचे पाकीट रोजच्या शर्टाच्या खिशात घरीच राहिले. ते लक्षात आले तेव्हा आम्ही उंब्रजच्या पुढे होतो, आणि सत्तावीस दिवस झाल्याने मला वाटले की एक दिवस निभावेल. दुपारची पंगत उठली, विडा झाला, आणि मंडपाच्या मागे गाद्यांच्या ढिगाशेजारी चौघेजण उभे होते. मावसभावाने पाकीट पुढे केले. मी ‘सोडली आहे’ असे म्हणालो आणि म्हणता म्हणताच माझा हात पुढे गेला होता. राज्यात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण मित्राच्या पाकिटातून पुढे आलेल्या सिगारेटीला कोणता कायदा अडवणार? अर्धी ओढली तेव्हा डोके गरगरले आणि तोंडात राखेची चव आली, तरीही मी ती पूर्ण ओढली. परतीच्या वाटेवर मागच्या आसनावर मुलगी माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली होती. गाडीतल्या नातेवाइकांना वाटेत सोडायचे नसते तर त्या तासाभरात मी रडलो असतो, असे आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी क्रमांक फिरवला आणि सगळे संपले अशा सुरात बोलू लागलो. बाईंनी मला मध्येच थांबवून विचारले, आदली गोळी किती वाजता घेतली होती? सकाळी साडेसातला. सिगारेट कधी ओढली? पावणेतीनला. त्या म्हणाल्या, ‘सर, तुम्ही सव्वासात तास औषधाशिवाय होता. तुमचा निश्चय कमी पडला असे मी म्हणणार नाही, औषध कमी पडले.’ एक सिगारेट ओढणे आणि पुन्हा सिगारेट सुरू होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीतून दुसरी घडते ती ‘आता गेलेच सगळे’ या समजुतीमुळे, असेही त्यांनी सांगितले. मी त्याच दिवशी पुन्हा वेळापत्रक धरले. तेव्हापासून एक पाकीट ऑफिसच्या खणात, एक गाडीच्या डिकीत आणि एक प्रत्येक झब्ब्याच्या खिशात असते. निकोटीनचे रक्तातील प्रमाण दर दोन तासांनी साधारण निम्मे होते. सव्वासात तासांचा हिशेब मी हिशेबनीस असून तेव्हा केला नव्हता.

मार्चअखेरीची मला सर्वांत जास्त धास्ती होती. रात्री अकरापर्यंत बसणे, न जुळणारे ताळेबंद आणि लेखापरीक्षकांचे प्रश्न, या काळात माझ्या सिगारेटी नेहमी वीसवर जात. डॉक्टरांना विचारून मी त्या दहा दिवसांत गोळी कमी करण्याचा टप्पा पुढे ढकलला आणि रात्रीच्या जादा कामासाठी दोन गोळ्या वाढवल्या. मार्च धुराशिवाय गेला. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखे नाही, आणि तेच मला मोठे वाटते.

दम किती सुधारला हे मोजायला साताऱ्यात वेगळे यंत्र लागत नाही, अजिंक्यतारा आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पायथ्यापासून दरवाज्यापर्यंत जाताना मी पाच ठिकाणी थांबलो होतो आणि पाचव्या ठिकाणी खाली बसलो होतो. परवा एकदाच थांबलो, तेही ओळखीचे गृहस्थ भेटले म्हणून. सिगारेट सोडल्यावर दोन आठवडे ते तीन महिने या काळात रक्ताभिसरण आणि फुप्फुसांचे काम सुधारते असे वैद्यक सांगते. मी ते पायऱ्यांवर अनुभवले. वजन मात्र तीन किलोंनी वाढले आहे. पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढतात असे डॉक्टर म्हणाले, आणि त्याची काळजी सिगारेट पूर्ण सुटल्यावर करू असेही म्हणाले.

गोळीत दोष आहेत आणि ते सांगायलाच हवेत. एका कंपनीच्या पाकिटाचा चांदीचा कागद इतका चिवट आहे की नखाने निघत नाही. तलफेच्या वेळी थरथरत्या हाताने तो सोलणे ही शिक्षाच आहे. माहितीपत्रक तिन्ही कंपन्यांचे इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत होते. ज्या औषधाचे सारे यश ते कसे चावावे यावर अवलंबून आहे, त्याची रीत मराठीत चार ओळींत आणि दोन चित्रांत छापणे या कंपन्यांना अशक्य नाही, आणि ते न केल्यामुळे माझ्यासारखे किती लोक पहिल्याच दिवशी गोळी फेकून देत असतील याचा त्यांनी विचार करावा. जबडा दुखतो, पहिले दोन आठवडे कानाखालचा भाग रात्री ठणकत असे. पुदिन्याची चव मला मानवली, फळांच्या चवीची फार गोड लागली, आणि पानाच्या चवीची मी मुद्दाम टाळली, कारण तिने मला पानटपरीचीच आठवण होत होती. कवळी असणाऱ्यांना गोळी चिकटते, त्यांनी न चावता तोंडात विरघळवण्याची निकोटीनची गोळी किंवा त्वचेवर चिकटवायची निकोटीनची पट्टी यांबद्दल विचारावे. चावून झालेली गोळी कागदात गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी, कारण तिच्यात निकोटीन शिल्लक असते.

खर्चाचा माझा हिशेब असा. मला एक गोळी साधारण दहा रुपयांना पडली. पहिले सहा आठवडे रोज दहा, पुढचे तीन आठवडे सहा आणि शेवटचे तीन आठवडे तीन धरल्या, तर बारा आठवड्यांच्या सुमारे सहाशे गोळ्या होतात, म्हणजे सहा हजार रुपयांच्या आसपास. मार्चच्या जादा गोळ्यांचे आणखी काही. त्याच बारा आठवड्यांत रोज बारा सिगारेटी, अठरा रुपयांना एक, या दराने मी अठरा हजारांहून अधिक जाळले असते. तरीही सहा हजार ही रक्कम आमच्या संस्थेतल्या शिपायाला किंवा बिडी ओढणाऱ्या मजुराला परवडणारी नाही. बिडी स्वस्त आणि ती सोडवणारे औषध महाग, ही स्थिती मला फार खटकते. सरकारी रुग्णालयांतील तंबाखूमुक्ती केंद्रांत आधी चौकशी करावी, असे मी अशा प्रत्येकाला सांगतो.

कॉक्रेन या संस्थेने जगभरातील चाचण्यांचा २०१८ मध्ये जो एकत्रित आढावा घेतला, त्यानुसार निकोटीन देणाऱ्या औषधांमुळे सिगारेट सुटण्याची शक्यता ५० ते ६० टक्क्यांनी वाढते. शक्यता वाढते, हमी मिळत नाही, हे दुकानदाराने सांगितले नाही तरी घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे. गरोदर स्त्रिया, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले आणि अठरा वर्षांखालील मुले यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. आणि तिच्यासोबत एखादी सिगारेट चालते असे समजून दोन्ही सुरू ठेवणाऱ्याने तर पैसे वाचवावेत.

हे लिहिताना माझा दहावा आठवडा चालू आहे. वहीत आज सकाळी साडेसात, दुपारी दीड आणि रात्री आठ अशा तीनच वेळा आहेत. दुपारच्या गोळीची आज मला आठवण झाली नव्हती. दोन वाजता वही उघडल्यावर ती घेतली. संध्याकाळी मुलीने गणिताची वही घेऊन माझ्या शेजारी बैठक मारली आणि अपूर्णांकांची सहा उदाहरणे होईपर्यंत ती उठली नाही.